खाबुऱ्याला नेलेली दोन नावं

ओमानला जाऊन आलो, हे रोह्यात सगळ्यांना माहीत आहे. भाच्याकडे आठ-दहा दिवस राहून आलो, समुद्र बघितला, किल्ले बघितले, खजूर आणले. विचारणाऱ्याला मी एवढंच सांगत आलो, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण गेलो होतो ते दोन नावं पोचवायला. ती तीस वर्षांपूर्वीच द्यायची होती आणि मी दिली नव्हती. आमच्या घरात मी अबोल म्हणून ओळखला जातो. अबोल माणसाचा एक फायदा असतो, तो काय लपवतोय हे कोणी विचारत नाही. आता मात्र सगळं लिहून टाकतो.

अल हैल

माझा भाचा प्रशांत मस्कतजवळ अल हैलला राहतो आणि एसीच्या कामांवर सुपरवायझर आहे. दोन हजार तेराच्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. खाबुरा नावाच्या गावी एका अरबाच्या घरी तो एसी बसवायला गेला होता. घरमालकाने त्याला कुठला म्हणून विचारलं. प्रशांतने सवयीने "बॉम्बे" म्हटलं, तर तो म्हणाला, बॉम्बेत कुठे? शेवटी प्रशांतने रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या आमच्या गावाचं नाव घेतलं, चिंचखार. तसा तो माणूस उठून उभा राहिला. "माझा आजा चिंचखारचा."

"मामा, थट्टा नाही," प्रशांत फोनवर म्हणाला. "आजा सुतार होता म्हणतो. गलबतावरून आला म्हणतो. आपल्यातलं कोणी इकडे आलेलं का?"

मी म्हटलं, "असेल कोणी." फोन ठेवला आणि वखारीत जाऊन उगाच रंधा मारत बसलो.

आलेलं होतं. माझ्या पणजोबांचा, गणू सुतारांचा, धाकटा भाऊ भिवा. गलबतांची डागडुजी करणारा. विशीत असताना एका गलबतावर चढला तो परत आला नाही. आमच्या वंशावळीत त्याच्या नावाखाली 'निर्वंश' असं लिहिलेलं आहे. पण तो निर्वंश नव्हता, आणि हे घरात फक्त मला माहीत होतं. कारण मी तेविशीत असताना, वडील आजारी होते आणि वाडीच्या वाटपावरून चुलत्यांशी दावा चालू होता तेव्हा, आमच्या दारात पांढऱ्या झग्यातला एक म्हातारा येऊन उभा राहिला होता.

त्याचं नाव खमीस. मोडक्या हिंदीत म्हणाला, माझा बाप भिवा, इथला. तिकडे त्याचं नाव अब्दुल्ला झालं. मला काही नको. फक्त त्याच्या बापाचं आणि आज्याचं नाव सांगा.

आता कोकणातल्या माणसाच्या कानाला 'मला काही नको' हे कसं ऐकू येतं ते कोकणातल्यालाच कळेल. मला एकच दिसलं, आणखी एक हिस्सेदार. नाव दिलं की सात-बारावर येणार, सात-बारावर आलं की नारळीच्या चौदा झाडांत वाटा. मी म्हटलं, भिवा आमचा नाही. शेजारच्या वाडीतल्या बाळा धोंडूचा मुलगा. ते घर आता बुडालं, कोणी उरलं नाही.

बाळा धोंडू खरंच होऊन गेला होता. लोकांच्या वाडीतले नारळ रातोरात उतरवण्याबद्दल प्रसिद्ध. वंश नाही, विचारायला कोणी नाही, म्हणून ते नाव तोंडात आलं. म्हाताऱ्याने ती दोन नावं माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली, बाळा, बाळाचा बाप धोंडू. मी त्याला शहाळं फोडून दिलं. ते भिवाच्याच वाट्याच्या माडाचं होतं. त्याने ते उभ्याने नाही, खाली बसून प्यायलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला.

वडिलांना मी सांगितलं, कोणी पत्ता विचारत आला होता.

तर, दोन हजार चौदाच्या जानेवारीत मी मस्कतला उतरलो. खाबुऱ्याला न्यायला म्हणून बायकोने आमसुलं दिली होती. विमानतळावर बॅग उघडली गेली. काळी, ओलसर, आंबूस वस्तू दोन किलो. अधिकारी तरुण होता, नम्र होता, पण त्याच्या मनात ती वस्तू बसेना. मी एक आमसूल तोंडात टाकून दाखवलं. त्यानेही टाकलं. त्याचा एक डोळा मिटला, मान हलली, आणि दुसऱ्या हाताने त्याने मला जायची खूण केली.

अल हैल म्हणजे पांढरी, ठेंगणी घरं आणि पलीकडे समुद्र. आपल्यासारखा खवळलेला नाही, थाळीतल्या पाण्यासारखा. पाठीमागे डोंगर, त्यांच्यावर गवताची काडी नाही. आपल्याकडे डोंगर झाडांनी झाकलेला असतो, इथे त्याची हाडं दिसतात. प्रशांतची मुलगी मला इंग्रजीत डोंगर दाखवायची आणि मी तिला मराठीत समुद्र. पहिल्याच संध्याकाळी प्रशांत म्हणाला, "उद्या खाबुरा?"

"आधी निझवा बघू," मी म्हटलं. "लोक म्हणतात बघण्यासारखं आहे."

त्याला अजून काही सांगितलेलं नव्हतं.

निझवा

निझव्याला शुक्रवारी सकाळी शेळ्यांचा बाजार भरतो. मधे गोल चौथरा, भोवती माणसं बसलेली, आणि विकणारे आपापल्या शेळ्या दोरीने ओढत त्या गोलात फिरत असतात. आपल्याकडे गिऱ्हाईक फिरतं आणि बैल उभा असतो, इथे उलट. गिऱ्हाईक हात वर करतं, शेळीचे दात बघतं, कान ओढतं, नको म्हणतं, आणि मिरवणूक पुढे.

बाजारामागे हलव्याचं दुकान होतं. तांब्याच्या भल्या मोठ्या कढईत हलवा घोटत होते. केशर, वेलदोडा, तूप. चिकट, गरम, जिभेवर विरघळणारा. बरोबर कडू कॉफी, चिमुकल्या वाटीत. दुकानदार म्हातारा होता, पाटीवर त्याचं नाव सबंध एक ओळ भरून. मी प्रशांतला विचारलं, एवढं काय लिहिलंय?

"काही नाही मामा. तो, त्याचा बाप, आजा, पणजा, आणि शेवटी टोळी. इकडे माणसाचं नाव म्हणजे साखळीच, मधे 'बिन' म्हणजे 'चा मुलगा'. नावातच सगळी वंशावळ."

म्हाताऱ्याने आमचं बोलणं ताडलं. त्याने प्रशांतला नाव विचारलं, मग बापाचं, मग आज्याचं. प्रशांतने सांगितलं आणि थांबला. म्हातारा वाट बघत राहिला. "अजून?" प्रशांत हसला, त्याला पुढचं येत नव्हतं. म्हाताऱ्याने मान हलवली, कीव आल्यासारखी, आणि त्याच्या वाटीत आणखी कॉफी ओतली. मग प्रशांतला काही म्हणाला. गाडीत बसल्यावर मी विचारलं काय म्हणाला.

"म्हणाला, ज्याची साखळी आखूड, त्याला इकडे मुलगी देताना लोक विचार करतात." प्रशांत गाडी वळवत म्हणाला, "बरं झालं माझं लग्न झालंय."

मी खिडकीबाहेर बघत होतो. खमीस एवढ्या लांब काय मागायला आला होता ते मला आत्ता, निझव्याच्या रस्त्यावर, पहिल्यांदा कळलं. जमीन त्याला काय करायची होती.

तिथेच मी प्रशांतला सगळं सांगितलं. त्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "चौदा माडांसाठी, मामा?"

"चौदा माडांसाठी."

"त्यातले आता किती आहेत?"

"पाच. बाकीचे वादळात गेले."

खाबुरा

खाबुऱ्याचा रस्ता समुद्राला धरून जातो. डावीकडे डोंगर मागे सरकत जातात आणि उजवीकडे खजुरीच्या बागा लागतात. केळी, लिंबं, आंबेसुद्धा. मी काच खाली केली. ओल्या मातीचा वास आला आणि क्षणभर वाटलं अलिबागकडे चाललोय. भिवा इथे का राहिला ते त्या वासानेच सांगितलं.

सालिम, ज्याच्याकडे प्रशांतने एसी बसवला तो, दारात उभा होता. तुझ्या बापाला चिंचखारला भेटलेला माझा मामा येतोय, एवढंच प्रशांतने त्याला फोनवर कळवलं होतं. खमीसचा मोठा मुलगा, वयाने माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा, रुंद खांद्यांचा. त्याने मला मिठी मारली, नाकाला नाक लावलं आणि म्हणाला, "तूच तो. शहाळंवाला."

मी खाली बघितलं.

त्याची हिंदी मुंबईच्या सिनेमांची, माझी रोह्याच्या बाजाराची. दोन्ही मिळून काम भागत होतं. त्याने आधी मला बाग दाखवली. भिवाची बाग. कशी झाली तेही चालता चालता सांगितलं, आणि हे सांगताना त्याची छाती फुगत होती हे लपत नव्हतं.

गलबताची डोलकाठी मोडली म्हणून ते खाबुऱ्याच्या वाळूवर ओढलं होतं. भिवाने काठी बसवली. नाखवा निघाला तेव्हा भिवा तापाने पडलेला. त्याला एका विहीर खणणाऱ्याच्या झोपडीत ठेवून गलबत गेलं. तो बरा झाला, पण परतीचं गलबत त्या मोसमात आलं नाही. इथे तेव्हा नुसती वाळू आणि काटेरी झाडं. त्याने खजुरीच्या झावळ्यांचा झाप बांधला. पहिली विहीर खणली, पाणी खारं. दुसरी खारी. तिसरी आतल्या अंगाला खणली, तिला गोडं पाणी लागलं. मग बैल उतारावर चालवून कातडी पखालीने पाणी ओढायचं, त्यासाठी चाक हवं. इथली चाकं बैल दोन हंगामांत मोडून काढायचे. भिवाने बाभळीचं चाक केलं ते मोडेना. मग किनाऱ्यावरच्या गावागावांतून लोक चाकं मागायला आले. चाकांच्या बदल्यात खजुरीची रोपं, बैल, शेवटी त्या विहीर खणणाऱ्याची मुलगी. कलमा पढला, अब्दुल्ला झाला. "पण म्हातारपणीसुद्धा वाकस घेऊन लाकूड तासत बसायचा," सालिम म्हणाला. "मला लहानपणी त्याचे ढलपे वेचायला लावायचा."

आता पाणी पंपावर आहे. पण विहिरीवर ते चाक अजून आहे, माझ्या खांद्याएवढं उंच. मी वाकून बघितलं. एकही लोखंडी खिळा नाही, सगळं लाकडी खुंट्यांवर. आणि खुंट्या गोल भोकात बसवलेल्या, पण स्वतः गोल नाहीत. आठ पैलूंच्या. गोल भोकात आठ पैलूंची खुंटी ठोकली की तिचे कोपरे लाकडाला चावतात आणि ती जन्मात सुटत नाही. मला हे वडिलांनी शिकवलं, त्यांना आजोबांनी. आमच्या पंचक्रोशीत अशी खुंटी फक्त आमच्या घरची.

मी चाकावर हात ठेवून उभा राहिलो. माझ्या हातून आजवर शेकडो दारं-खिडक्या गेल्या असतील, त्यातलं एकही मला इतकं माझं वाटलं नव्हतं. परमुलखात, आजारातून उठलेला, भाषा न येणारा एक पोरगा, आणि त्याने वाळूतून ही हिरवी बाग उभी केली. हे आमचं रक्त. हे मला ओरडून सांगावंसं वाटलं. आणि ते सांगायचा हक्क मीच चिंचखारच्या ओटीवर घालवून बसलो होतो.

जेवण एकाच मोठ्या ताटात, भोवती सगळे. भातावर सुरमई. कालवणात काळी पडलेली वाळकी लिंबं, आपण आमसूल घालतो त्या जागी. सालिमची थोरली बहीण शम्सा येऊन बसली. सत्तरीची, नाकात नथ, हातात काठी. म्हाताऱ्या बाईला पुरुषांच्या बैठकीत यायला कोणाची परवानगी लागत नाही. तिने आमसूल चाखलं, वाळक्या लिंबाकडे बघितलं आणि काही म्हणाली. सालिमने सांगितलं, "म्हणते, हे चुलत भाऊ आहेत."

जेवण झाल्यावर सालिमने हात धुतले, ताठ बसला आणि त्याने मला आपली साखळी ऐकवली. पाहुण्याचा मान म्हणून. "सालिम बिन खमीस बिन अब्दुल्ला बिन बाला बिन दोंदू." शेवटची दोन नावं तो सावकाश, गोड करून म्हणाला. मग म्हणाला, ही दोन तू दिलीस. त्याआधी लोक आम्हाला 'समुद्राने टाकलेले' म्हणायचे. साखळी अब्दुल्लापाशी तुटायची. माझी सोयरीक दोनदा मोडली. बाबा ही नावं घेऊन आले आणि त्याच हंगामात माझं लग्न झालं. नमाजानंतर बाबा रोज त्या दोघांसाठी दुआ मागायचे. आता मी मागतो.

प्रशांत माझ्याकडे बघत होता. त्याने डोळ्यांनी विचारलं, राहू दे?

राहू देता आलं असतं. कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण पलीकडे विहिरीवर ते चाक होतं आणि मला ते बसल्या जागेवरून दिसत होतं.

"सालिमभाई," मी म्हटलं, "ती नावं खोटी आहेत."

मग सगळं सांगितलं. माड, दावा, हिस्सा. बाळा धोंडू कोण होता तेही. हिंदीत शब्द सापडत नव्हते तिथे प्रशांतने अरबीत सांगितलं. सालिमचा चेहरा हळूहळू बंद झाला. तो उठला आणि बाहेर गेला. खोलीत कॉफीचा वास होता आणि कोणी वाटीला हात लावत नव्हतं.

शम्साने काठी आपटली आणि सालिमला हाक मारून परत बोलावलं. तिने त्याला विचारलं, त्याने सांगितलं. ती माझ्याकडे वळली. तिचं अरबी बोलणं सालिमलाच हिंदीत करून मला सांगावं लागत होतं, त्यामुळे तिची बोलणी मला त्याच्या तोंडून बसत होती.

"म्हणते, तू माझ्या बापाशी खोटं बोललास."

"हो."

"म्हणते, तो साठीचा माणूस, बोटीने आला होता."

"हो."

"म्हणते, तुझ्या बापाला हे माहीत होतं?"

"नाही. आजपर्यंत कोणालाच नाही."

तिने काठी मांडीवर आडवी घेतली. मग विचारलं, "आणि तुम्ही? आमच्या आज्यासाठी तुम्ही तिकडे काय केलं?"

मी सांगितलं. बारा वर्षं माणसाची खबर आली नाही की आमच्यात तो गेला असं धरतात. पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, सुतक पाळतात. भिवाचंही केलं. तेव्हापासून दर भाद्रपदात त्याच्या नावाने पान वाढतात, कावळ्याला घास ठेवतात. अजून ठेवतो.

शम्साने दोन वेळा विचारून खात्री करून घेतली. "बारा वर्षांनी? तेव्हा तर तो इथे घोड्यासारखा धडधाकट होता. माझा बाप तेव्हा मांडीवर होता."

"हो."

"म्हणजे तुम्ही जिवंत माणसाला मेलेल्याचं जेवण वाढत होता, आणि आम्ही एका नारळचोरासाठी दुआ मागत होतो."

सालिमने हे हिंदीत सांगितलं आणि सांगता सांगता त्याच्या ओठाचा कोपरा हलला. शम्सा मात्र गंभीर होती. "दुआ वाया जात नाही," ती म्हणाली. "त्या चोराला गरज होती."

आधी प्रशांत हसला, मग सालिम. मला हसायचा अधिकार नव्हता, पण आवरलं नाही.

"माझं लग्न?" सालिम तिला म्हणाला. तो अर्धा थट्टेत होता, अर्धा नव्हता. "सासऱ्याने ती नावं ऐकून मुलगी दिली."

"सासरा गेला. सात मुलं झाली," शम्सा म्हणाली. "आता तिला परत कोण नेतंय? तिच्या हातचा भात खाल्ल्यावर तर कोणीच नेणार नाही."

पडद्याआडून सालिमच्या बायकोने काही सुनावलं. ते कोणीच मला हिंदीत करून दिलं नाही.

मग सालिम माझ्यासमोर येऊन बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. हसू गेलेलं होतं. "मी तुला माफ केलं असं आज म्हणणार नाही," तो म्हणाला. "बाबांचं मी कसं माफ करू? ते त्यांचं ते बघतील. पण नावं दे. खरी. हळू."

"राघो," मी म्हटलं. "भिवाचा बाप राघो. राघोचा बाप विठू."

"काम काय करायचे?"

"सुतार. दोघंही. गावातलं देवळाचं दार विठूने केलंय. अजून उघडतं, लागतं."

"राघोच्या बायकोचं नाव?" शम्साने विचारलं.

मला माहीत नव्हतं. आमच्याकडे कोणालाच माहीत नाही. शम्साने नाकाने आवाज केला. बायकांच्या बाबतीत दोन्ही मुलूख सारखेच, असा त्याचा अर्थ मी लावला. सालिम मात्र ती दोन नावं पुटपुटत राहिला. 'घो' त्याला पटकन जमला, 'ठू' जमेना. मी दुरुस्त केला नाही.

दुसऱ्या सकाळी तो मला आणि प्रशांतला किनाऱ्यावर मासळीच्या लिलावाला घेऊन गेला. होड्या वाळूवर ओढलेल्या, माशांचे ढीग, कावळ्यांऐवजी बगळे. सालिमने एक सुरमई उचलून कल्ला उघडून बघितला. विकणारा ओळखीचा होता. त्याने माझ्याकडे हनुवटी केली. प्रशांतने मला हळूच सांगितलं, विचारतोय, नवा कामगार आणलास का.

सालिमने सुरमई खाली ठेवली. हात झग्याला पुसले. न विचारता, भर बाजारात, मोठ्याने म्हणाला, "सालिम बिन खमीस बिन अब्दुल्ला बिन राघो बिन वितू." आजूबाजूचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. ही शेवटची नावं त्यांनी कधी ऐकली नव्हती. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता तू म्हण."

मी आयुष्यात चारचौघांत मोठ्याने बोललेलो नाही. पण म्हटलं. "मधुकर बिन नारायण बिन शंकर बिन गणू—"

विकणारा बोटांवर मोजत होता. पुढची दोन नावं सालिमने आणि मी एकदमच म्हटली.